पोटॅशियम आलं कुठून?

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचत आलो ते त्यातल्या चुका काढायला. दार आपोआप वाजलं, म्हणजे वारा. माळ्यावर पावलं वाजली, म्हणजे तापलेला पत्रा निवतोय. सौ. म्हणते, "तुम्ही मासिक वाचत नाही, पेपर तपासता." खरं आहे. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. आणि माझ्या बाबतीत तर भूत म्हणायचीही सोय नाही, कारण या गोष्टीत मेलेलं कुणीच नाही. जिच्याबद्दल लिहितोय ती मुलगी जिवंत आहे, दिघीला राहते, दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. तिच्यावर मी केलेला अन्याय सांगितल्याशिवाय हा अनुभव सांगता येत नाही. म्हणून इतके दिवस लिहिला नाही… आता थकलो. सांगून टाकतो.

मी निवृत्तीनंतर दिवेआगरला राहतो. घराभोवती नारळ-सुपारीची वाडी होती. आता निम्मी आहे, बाकीची वादळात गेली. त्यानंतर पुढच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना द्यायला लागलो. त्यांचा नाश्ता आमच्याच माजघरात होतो. माजघराला खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल. तिथे जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक फ्रेम टांगलेली होती. दोन काचांमध्ये बंद केलेली, बोटभर रुंद अशी गडद निळी पट्टी.

ती पट्टी म्हणजे बॅटरीचा एक इलेक्ट्रोड होता, दोन टोकांपैकी एक.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझा एक छोटा गट पोटॅशियम-आयन बॅटरीवर काम करत होता. लिथियम महाग, बाहेरून आणावं लागतं. पोटॅशियम राखेत आहे, केळ्यात आहे, शहाळ्याच्या पाण्यातसुद्धा आहे. अडचण एकच, त्याचा आकार. मी वर्गात सांगायचो, लिथियम म्हणजे सडाफटिंग माणूस, कुठल्याही खोलीत मावतो. पोटॅशियम म्हणजे बायकामुलं, ट्रंका, वळकट्या घेऊन आलेलं कुटुंब. त्याला मोठी दारं आणि ऐसपैस खोल्या लागतात. अशा खोल्या असलेला पदार्थ शोधणं हेच आमचं काम. एका बाजूच्या इलेक्ट्रोडसाठी आम्ही सुपारीच्या सालांचा कोळसा वापरायचो. सालं माझ्याच वाडीतून जायची. दुसऱ्या बाजूला जुन्या ब्लूप्रिंटमध्ये असायचा तो निळा रंग. त्याच्या आत पोटॅशियम मावतं. आणि गंमत अशी, की पोटॅशियम आत शिरलं की निळा पांढरा होतो, बाहेर पडलं की पांढऱ्याचा पुन्हा निळा.

ही गंमत दाखवायला माझ्या विद्यार्थिनीने ती पट्टी बनवली. तिचं नाव नाझिया. ग्लासात पोटॅशियमच्या मिठाचं पाणी, त्यात पट्टी, तारांना टॉर्चचा एक सेल. पट्टी खालून वर पांढरी होत जायची, सेल उलटा जोडला की निळी. तपासणीला आलेली बडी मंडळी लहान मुलांसारखी बघत राहिली होती. नंतर नाझियाने ती धुऊन, वाळवून, दोन काचांत घालून कडा रेझिनने बंद केल्या आणि ईदला शीरखुर्म्याच्या डब्याबरोबर मला आणून दिली. म्हणाली, "सर, आता ही कायमची निळी. आत पाणी नाही, तार नाही. पोटॅशियम येणार कुठून?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. सकाळी घावनं खाता खाता त्या बाईंनी विचारलं, "काका, ते भिंतीवर काय आहे?"

मला असं कुणी विचारलेलं आवडायचं. मी सगळं सांगितलं. सडाफटिंग लिथियम, ट्रंकावालं पोटॅशियम… दोघं हसली. मग नवऱ्याने विचारलं, "ही मुलगी आता कुठे असते? परदेशात असेल."

मी नेहमीसारखा जरा थांबलो, सुस्कारा टाकला आणि नेहमीचं सांगितलं. "नाही हो. प्रयोगशाळेत स्फोट झाला. एका डोळ्याची दृष्टी गेली, उजवा हात भाजला. हुशार होती, पण उतावळी. पोटॅशियमची जुनी बाटली टाकून दे म्हणून सांगितलं होतं मी. ऐकलं नाही."

"अरेरे…" बाई म्हणाल्या. त्यांनी सहज पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "पण काका, ही निळी कुठाय? अर्धी तर पांढरी आहे."

मी वळलो. पट्टी खालून अर्ध्यापर्यंत पांढरी झाली होती. वर निळी, खाली पांढरी, आणि मध्ये सरळ रेघ. ग्लासातल्या पाण्यात व्हायची तशीच.

पाहुणे समुद्रावर गेल्यावर मी फ्रेम उतरवली. काचेला तडा नाही, रेझिन शाबूत. संध्याकाळी पाहिलं तर पट्टी पुन्हा पूर्ण निळी. सौ. म्हणाली, "खारं वारं, दुसरं काय. माझी इस्त्री गंजली, तुमची पट्टी काय घेऊन बसलात?"

पण खाऱ्या वाऱ्याने हे होत नाही. होतं ते उन्हाने. हा रंग बंद जागेत, भरपूर उजेडात हळूहळू विटतो आणि अंधारात परत येतो, हे मला माहीत आहे. पण आमच्या माजघरात ऊन येतच नाही. तरी मी फ्रेम आठवडाभर गच्चीवर तळपत्या उन्हात ठेवली. काही झालं नाही. आणि उन्हाने रंग विटला तर तो सगळीकडून विटेल, खालून वर रेघ धरून चढणार नाही. तसं चढायला पोटॅशियम आत शिरावं लागतं. ते शिरायला पाणी हवं, तार हवी, सेल हवा.

मी मनाला सांगितलं, म्हातारे डोळे. पण पाहुणीचे डोळे म्हातारे नव्हते.

मग एकदा आमच्या जुन्या कॉलेजातून फोन आला. स्मरणिकेसाठी आठवणी हव्या होत्या. मी माजघरातच खुर्चीत बसून सांगत होतो, त्यात तो अपघातही आला, त्याच शब्दांत… उतावळी, सांगितलेलं ऐकलं नाही. फोन ठेवतोय तोच सौ. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"अहो, ही परत पांढरी व्हायला लागली."

या खेपेला अर्ध्याच्या वर गेली होती.  दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायची मला आयुष्यभर सवय, त्याच कामाचा पगार घेतला. तरी या दोन गोष्टी मी शेजारी ठेवल्या नाहीत. फोन आणि पट्टी. लांब लांब ठेवल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इब्राहिमभाई आले.

इब्राहिमभाई म्हणजे नाझियाचे वडील. उमेदीची वर्षं कुवेतला काढली, आता दिघीच्या जेटीजवळ होड्यांच्या इंजिनाचे सुटे भाग आणि नायलॉनच्या दोऱ्या विकतात. स्फोटानंतर इस्पितळात भेटलो होतो, त्यानंतर प्रथमच. हातात सुरमईची पिशवी. दारातच चपला काढून उभे.

"सलाम सर. वलखलंत काय?"

"या, या इब्राहिमभाई."

माजघरात येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला तरी कपाला हात लावेनात. "सर, एका कामासाठी आलोय. तळोज्याकडं नवी कंपनी आलीय, ब्याटरीचाच माल बनवतात. पोरीनं अर्ज केलान. त्यांना ती पसंत हाय. म्हनले, हात अधू असला तरी चालेल, डोकं पायजे. पन कॉलेजातून जुना कागद मागवलानी. त्यात लिवलंय, निष्काळजीपनामुळं स्फोट झाला. आता अडलंय तिथं."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पोरीची चूक हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. तुमच्यासारख्या मान्साचं नाव खराब केलंन. तिला म्हनलं, सरांकडं जाऊन माफी माग, तर तोंडातून शब्द काढीत न्हाय. म्हनून मी मागतो. माफ करा तिला. आनि दोन ओळी लिवून द्या कंपनीला, की झालं ते झालं, आता पोर सुधारलीय."

"अहो, माफी कसली…"

"न्हाय सर. तिलाबी लागलंय मनाला. आता काय सांगू, घरात बटाट्याला हात लावीत न्हाय. आई सोलाय बसली की उठून भायेर जाते. बटाट्यानं काय केलंय तिचं, आल्ला जाने."

बटाट्याचं कारण मला माहीत होतं. तरीही मी काय बोललो, ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "लहान वयात होतं असं, इब्राहिमभाई. मी मनात ठेवलेलं नाही. देतो लिहून."

त्यांनी डोळे पुसले. माझे दोन्ही हात धरले. आणि त्यांच्या खांद्यावरून मला समोरची भिंत दिसत होती. पट्टी चढत होती. मी पहिल्यांदाच ती चढताना पाहत होतो. वरची निळी कड बारीक बारीक होत गेली, एका रेघेएवढी उरली आणि संपली. पूर्ण पांढरी. चुन्यासारखी.

ते गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. सौ. म्हणाली, "लिहून द्या हो लवकर. बिचारा स्वतः चालून आला. पोरगी उतावळी निघाली, त्याला बाप काय करणार?"

"ती उतावळी नव्हती," मी म्हणालो.

मग पहिल्यांदा खरं सांगितलं.

बॅटरीच्या चाचणीला शुद्ध पोटॅशियम धातू लागतो; तो आणि त्याचा भाऊ सोडियम, दोन्ही तेलाच्या बाटलीत ठेवतात. सोडियमचा जुना तुकडा असला की त्यावर कवच धरतं. ते चाकूने खरवडायचं आणि आतला चकचकीत भाग वापरायचा. तेलाखाली ठेवून नीट केलं तर त्यात धोका नाही. आमच्या पिढीने हजारदा केलंय. हाताला सवय झालेली. पोटॅशियमचं मात्र तसं नाही. जुन्या पोटॅशियमवर पिवळा पापुद्रा येतो, आणि चाकूच्या दाबाने तो आतल्या धातूत रेटला गेला तर स्फोट होतो. हे पुस्तकात आहे. मी स्वतः शिकवलेलं आहे. त्या दिवशी माझ्या खोलीत बैठक चालू होती, अनुदानाची. नाझिया दारात आली. "सर, नवी बाटली अजून आली नाही. जुनी आहे, पण पिवळी झालीय. वापरू का?" मी कागदातून डोकं वर न काढता म्हणालो, "सोलून घे की. घरी बटाटा सोलतेस ना? तसा." बैठकीतली माणसं हसली. तीही हसली आणि गेली.

थोड्या वेळाने आवाज आला.

चौकशीत मी सांगितलं, की ती बाटली टाकून द्यायची माझी स्पष्ट सूचना होती. बैठकीतल्या कुणाला आठवत नव्हतं, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. माझी निवृत्ती जवळ आली होती. शाल-श्रीफळ मिळालं.

सौ.ने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी त्या मुलीला नावं ठेवत आले. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. तुमच्या तोंडून ऐकून." उठली, सुरमईची पिशवी उचलली आणि शेजारी देऊन आली. "ही आपल्याला गिळायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी फ्रेम टॉवेलात गुंडाळली आणि दिघीला गेलो. पट्टी रात्रीत निळी झाली नव्हती. आगरदांड्याची फेरीबोट लागत होती, गाड्यांची रांग जेटीपासून त्यांच्या दारापर्यंत. आत नाझियाची शिकवणी चालू होती. फळ्यावर डाव्या हाताने लिहीत होती, उजव्याची बोटं आत वळलेली. मुलं जाईपर्यंत मी ओट्यावर बसलो. इब्राहिमभाई दुकान सोडून धावत आले. "सर, तुमी कशाला तकलीफ घेतलीत? मी येऊन नेला असता कागद."

आत गेलो. नाझिया म्हणाली, "बसा सर." नजर फळ्याकडेच.

बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "नाझिया, त्या दिवशी तू मला विचारलं होतंस. मीच सोल म्हणालो."

ती फळा पुसत होती. हात थांबला. "बटाटा म्हणाला होतात."

"हो."

"मग पूर्ण सांगा सर. अब्बांना सांगा."

सांगितलं. इब्राहिमभाई उभे होते. ऐकता ऐकता खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर. नंतर म्हणाले, "म्हंजे काल मी तुमच्या घरी येऊन माफी मागितली…"

"हो."

"आनि तुमी दिलीत पन."

यालाही मी 'हो' म्हणालो. 

नाझियाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "इस्पितळात मी जबाबात सांगितलं होतं. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. लिहून घेणारे म्हणाले, सरांचं म्हणणं वेगळं आहे. मग तुम्ही भेटायला आलात आणि इतक्या शांतपणे बोललात… मला वाटलं, तुम्ही खरंच विसरलात. नंतर नंतर तर मलाच शंका यायला लागली. मीच न विचारता कापलं असेल, आणि नंतर मनाने काहीतरी रचलं असेल. फक्त तो बटाटा… तो मी कशाला रचेन, असं वाटायचं."

मी लिहून नेलेलं पत्र पुढे केलं. एक प्रत कॉलेजला, एक कंपनीला. तिने कागद खिडकीशी नेऊन एका डोळ्याने वाचला. परत आणून माझ्यासमोर ठेवला आणि एका शब्दावर बोट टेकवलं. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली.'

"अनवधान स्फोटाच्या दिवशी होतं," ती म्हणाली. "चौकशीच्या दिवशी नव्हतं. हा शब्द काढा."

दोन्ही प्रतींवर मी तो शब्द खोडला, शेजारी सही केली. मग टॉवेल उघडला. पट्टी अजून पांढरीच होती. बापलेकीने दोघांनीही ती पाहिली. ती कुठल्या कुठल्या दिवशी पांढरी झाली, ते मी सांगितलं. इब्राहिमभाईंनी कानाला हात लावून काहीतरी पुटपुटलं. नाझियाने फ्रेम उचलली, कडेकडेने अंगठा फिरवला. किती तरी वेळ.

"सील माझंच आहे. कुठे उघडलेलं नाही."

"मग पोटॅशियम आलं कुठून?" मी विचारलं. सवयीने, सर असल्यासारखं.

"आलंय की नाही, ते आधी बघायला लागेल. थोडं खरवडून ज्योतीत धरलं की कळेल. जांभळी ज्योत आली तर आहे."

"बघूया?"

तिने फ्रेम उपडी करून टेबलावर ठेवली. "माझी पट्टी आहे, सर. काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही निघा, पुढची बॅच यायची वेळ झाली."

स्फोटाआधी दोन-तीनदा आलो होतो, पण त्यांच्या घरचा चहा न पिता निघालो तो प्रथमच. कुणी विचारला नाही.

पत्रं पोचली. कॉलेजने "विषय जुना आहे, विचाराधीन" असं कळवलं. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, "कशाला उकरून काढलंस या वयात?" कंपनीने तिला परत बोलावलं, इतकं दुसऱ्यांकडून कळलं. पुढचं माहीत नाही. बोर्लीच्या बाजारात एकदा इब्राहिमभाई समोर आले आणि रस्ता ओलांडून गेले. बरोबरच केलं त्यांनी.

भिंतीवर फ्रेमच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन राहिलाय. तिथे काही लावू नकोस, असं मी सौ.ला सांगितलंय. परवाच ठाण्याची मंडळी होती. नाश्त्याला बसल्यावर त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "काका, इथे काय होतं?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, आता तुम्हाला सांगितलं तसं, बटाट्यासकट. घावनं गार झाली.  शेवटी त्यांच्यातल्या आजी म्हणाल्या, "मग ती पांढरी का झाली असेल हो?"

"माहीत नाही."

"आणि तिने ज्योतीत धरून पाहिलं का?"

"माहीत नाही."

"विचारा ना फोन करून! आता आहे तरी कुठल्या रंगाची?"

फोन नंबर आहे माझ्याकडे. दिघी तरी किती लांब आहे? मी त्यांना म्हटलं, "आजी, तिने दारात उभं राहून मला विचारलं होतं, तेव्हा मी मान वर करून पाहिलं नाही. आता मी तिला विचारू शकत नाही."

सौ.ने गार झालेली घावनं उचलली आणि गरम करायला आत नेली.